२०२० च्या लेव्हल फाइव्हमध्ये आयर्लंडला आलेल्या मराठी मंडळींसाठी

२०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून जे विद्यार्थी, नर्स, आयटीवाले इथे आले, त्यांना एरवीचं आयर्लंड तेव्हा पाहायलाच मिळालं नाही. कॉलेज लॅपटॉपवर, ऑफिस जेवणाच्या टेबलावर, पब बंद, आणि २१ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपासून सगळा देश लेव्हल फाइव्हमध्ये, म्हणजे कोविडच्या सर्वांत कडक निर्बंधांत. फिरायला जायचं तर घरापासून ५ किलोमीटरच्या आत, दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही, आणि हे १ डिसेंबरपर्यंत. मी डब्लिनजवळच्या लुकनमध्ये बरीच वर्षं राहते. त्या मार्चपासून नवीन मुलामुलींचे फोन येत होते आणि बहुतेकांचा शेवटचा प्रश्न एकच असायचा: "ताई, ही सरकारी मदत आपण मागितली तर चालतं का?"

चालतं. म्हणूनच हे लिहायला बसले आहे. कोणापुढे हात पसरायचा नाही, हे आपल्या घरांमध्ये लहानपणापासून शिकवलं जातं. ती शिकवण चांगली आहे, पण ती इथे लावू नका. पगाराच्या स्लिपवर पीआरएसआय नावाची एक ओळ असते, तो सामाजिक विमा. तुमचा पगार कमी असेल आणि तुमच्याकडून काही कापलं जात नसेल, तरी मालक तुमच्या नावाने त्याचा हिस्सा भरत असतो. नोकरी गेल्यावर किंवा आजारी पडल्यावर मिळणारे पैसे त्याच व्यवस्थेतून येतात. ती कोणाची मेहेरबानी नाही. फक्त एक लक्षात ठेवा, इथे सरकार तुम्हाला शोधत येत नाही. आपण फोन करायचा, फॉर्म भरायचा आणि लवकर भरायचा.

पहिली गोष्ट पीपीएस नंबर, म्हणजे सरकारी कामांसाठीचा तुमचा ओळख क्रमांक. तो नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. नोकरीचं पत्र किंवा ज्या कामासाठी नंबर हवा त्याचा कागद, पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा लागतो. नंबर हातात आला की लगेच रेव्हेन्यूच्या, म्हणजे कर खात्याच्या, मायअकाउंट साइटवर जाऊन नोकरीची नोंद करा, नाहीतर इमर्जन्सी टॅक्स लागून पहिला पगार निम्म्यावर आलेला दिसेल. तो परत मिळतो, पण ज्या महिन्यात भाडं आणि डिपॉझिट दोन्ही भरायचं असतं त्याच महिन्यात तो अडकतो.

आता त्या काळात नोकरी गेलेल्यांबद्दल. रेस्टॉरंट, कॅफे, हॉटेल, कपड्यांची दुकानं यांत काम करणारी आपली बरीच मुलं लेव्हल फाइव्ह लागल्याबरोबर घरी बसली. त्यांच्यासाठी पॅनडेमिक अनएम्प्लॉयमेंट पेमेंट (महामारीत काम गेलेल्यांना सरकारकडून मिळणारे पैसे) होतं, इथे सगळे त्याला पीयूपीच म्हणायचे. मार्च २०२० मध्ये ते २०३ युरोंनी सुरू झालं, आठवड्याभरात ३५० वर गेलं, उन्हाळ्यात कमी झालं आणि १६ ऑक्टोबरपासून पुन्हा वाढलं. तेव्हा आधीच्या कमाईप्रमाणे चार टप्पे होते. आठवड्याला ४०० युरो किंवा जास्त कमावणाऱ्याला ३५०, ३०० ते ४०० मध्ये असणाऱ्याला ३००, २०० ते ३०० मध्ये २५०, आणि २०० च्या खाली २०३. स्टॅम्प टू या विद्यार्थी परवान्यावरच्या मुलांनाही ते मिळायचं. सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत होता, म्हणून पुन्हा सांगते: युरोपबाहेरचे विद्यार्थी असले, तरी इथे काम करत होते आणि महामारीमुळे ते काम गेलं, तर अर्ज करता यायचा. २०२० मध्ये किमान वेतन तासाला १० युरो १० सेंट होतं. टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करणाऱ्याची कमाई व्हायची २०२ युरो, म्हणजे तो २५० च्या टप्प्यात बसायचा. हे २ युरो किती महत्त्वाचे होते बघा. म्हणून पगाराच्या स्लिपा जपून ठेवा आणि मालकाने तुमचा पगार रेव्हेन्यूला नीट कळवलाय ना, ते मायअकाउंटवर तपासा. रोखीने काम करून घेणारा मालक असेल, तर या सगळ्यातलं काहीच तुमच्या वाट्याला येत नाही. अशा कामाला नाही म्हणा.

पीयूपीचा अर्ज मायवेल्फेअर या सरकारी साइटवर करायचा, पैसे मंगळवारी जमा व्हायचे. त्यावर कर लागू व्हायचा, तो वर्षअखेरीच्या हिशेबात यायचा, तेव्हा सगळेच्या सगळे खर्च करून चालत नव्हतं. काम पुन्हा सुरू झालं की त्याच दिवशी पेमेंट बंद करायचं. आणि ते चालू असताना भारतात जाऊन यायचा विचार असला, तर आधी नियम नीट वाचावे लागायचे. देश सोडलेल्या काही जणांचं पेमेंट उन्हाळ्यात थांबवलं गेलं होतं.

तब्येतीचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे आपली माणसं नको तिथे पैशांना घाबरतात. एरवी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, गेलं की २०२० मध्ये ५०-६० युरो जायचे, चिठ्ठीशिवाय हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलं तर १००. त्यामुळे नवीन माणूस ताप अंगावर काढतो आणि क्रोसिन घेऊन झोपतो. पण तेव्हा कोविडसाठी जीपीला केलेला फोन फुकट होता आणि टेस्टही फुकट होती. मेडिकल कार्ड (मोफत उपचारांचं सरकारी कार्ड) नसलं, विमा नसला, तरी फुकटच. स्वतःचा जीपी नसला तर जवळच्या कुठल्याही जीपीला फोन करता यायचा. दवाखान्यात थेट जाऊन उभं राहायचं नाही.

त्या ऑक्टोबरमध्ये एका मुलाला खोकला आला. एकाच घरात सहा जण, बाथरूम दोन. फोन करायला तो तयार होईना. "बिल आलं तर?" एवढंच त्याचं म्हणणं. शेवटी मला लाइनवर घेऊन त्याने फोन लावला. रिसेप्शनवरच्या बाईंनी नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि एअरकोड घेतला. एअरकोड म्हणजे सात अक्षर-अंकांचा पत्ता, इथे प्रत्येक घराचा वेगळा असतो, तो पाठ करून ठेवा. दुपारी डॉक्टरांचा फोन आला. ताप किती, वास-चव जाणवते का, जिना चढताना धाप लागते का, घरात किती जण आहेत. मग टेस्टच्या जागेचा आणि वेळेचा मेसेज. घशात आणि नाकात स्वॅब, दोन मिनिटांचं काम. निकालही मेसेजवरच आला, निगेटिव्ह. या सगळ्यात त्याचा एक सेंटही खर्च झाला नाही.

टेस्टला जाताना बस किंवा टॅक्सी घ्यायची नाही. गाडी नसली तर डॉक्टरांना फोनवरच सांगायचं, तेच मार्ग काढायचे. पॉझिटिव्ह आलं आणि घरात वेगळी खोली नसली, तर तेही सांगायचं. एचएसईने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, सिटीवेस्ट हॉटेल अशा लोकांसाठीच घेतलं होतं, आणि त्याचं भाडं लागत नव्हतं. एका खोलीत तिघं राहत असले तर ते लपवायचं नाही. फोनवर विचारणारी माणसं घरमालकाला कळवायला विचारत नसायची, बाकीच्यांना वाचवायला विचारत असायची.

फोनवर डॉक्टरांशी बोलणं म्हणजे अर्धवट तपासणी, असा समज आपल्याकडे आहे. मार्च २०२० मध्ये इथले पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. ते शिक्षणाने डॉक्टर. पंतप्रधानपदावर असतानाच त्यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नाव नोंदवलं आणि आठवड्यातून एक सत्र आरोग्यसेवेला देऊ केलं, तेही फोनवरून रुग्णांची विचारपूस करण्याच्या कामासाठी. कोकणातल्या माणसाला हे वाचून जे वाटलं, ते मलाही वाटलं.

नोकरी चालू असताना विलगीकरणात राहायला सांगितलं तर इलनेस बेनिफिटचा (आजारपणात मिळणाऱ्या सरकारी पैशांचा) कोविडसाठीचा वाढीव दर २०२० मध्ये होता, आठवड्याला ३५० युरो. खबरदारी म्हणून घरी राहिलं तर दोन आठवड्यांपर्यंत, आजार निश्चित झाला तर दहा आठवड्यांपर्यंत. पैसे जातील म्हणून अंगात ताप असताना कामावर जावं, याला तेव्हा कारण उरलं नव्हतं. केअर होममध्ये, वेअरहाउसमध्ये काम करणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगत होते.

घरभाड्याबद्दल एक भेद समजून घ्या. अख्खं घर किंवा फ्लॅट तुमच्या नावावर भाड्याने असेल, तर तुम्ही भाडेकरू. ५ किलोमीटरची मर्यादा लागू होती तोवर मोजके अपवाद सोडता भाडेकरूला घराबाहेर काढता येत नव्हतं. भाडं थकलं असेल तरी गप्प बसू नका, घरमालकाला लेखी कळवा, २०२० मध्ये थकबाकीसाठीही वेगळी तरतूद होती आणि अडचण आपणहून जाहीर करावी लागायची. पण तुम्ही मालकाच्याच घरातल्या एका खोलीत राहत असाल, तर भाडेकरूचं संरक्षण तुम्हाला मिळत नाही. आपले बरेच विद्यार्थी तसेच राहतात. तेव्हा खोली घेतानाच नोटिस किती दिवसांची आणि डिपॉझिट कधी परत, हे ईमेलवर लिहून घ्या. तोंडी बोलण्यावर राहू नका. काही अडलं तर थ्रेशोल्ड ही संस्था मोफत सल्ला देते, आणि बाकी कुठल्याही नियमासाठी सिटिझन्स इन्फर्मेशन या सरकारी माहिती सेवेला फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज कितीही आत्मविश्वासाने लिहिलेला असो, त्याच्यावर विसंबून निर्णय घेऊ नका.

आयआरपी कार्डाची (युरोपबाहेरच्यांच्या इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डाची) मुदत २० सप्टेंबर २०२० ते २० जानेवारी २०२१ या काळात संपत असली, तर ती २० जानेवारीपर्यंत आपोआप वाढली होती. त्यासाठी अर्ज नव्हता, फी नव्हती. सरकारी सूचना छापून कार्डासोबत ठेवायची, कारण मालकाच्या किंवा बँकेच्या माणसाला ती माहीत असेलच असं नव्हतं.

रोजच्या गोष्टी. २०२० मध्ये बसमध्ये १३ जुलैपासून आणि दुकानात १० ऑगस्टपासून मास्क सक्तीचा होता. लेव्हल फाइव्हमध्ये बस पाव क्षमतेनेच भरायच्या, तेवढी माणसं झाली की ड्रायव्हर पुढच्या थांब्यावर थांबायचा नाही. हॉस्पिटलमध्ये शिफ्ट असली तर एक बस आधीची धरावी लागायची. कार्ड टॅप करून ५० युरोपर्यंत पैसे देता येऊ लागले, रोख नाकारणारी दुकानं वाढली होती. कोविड ट्रॅकर अ‍ॅप फोनवर टाकायला सांगितलं जायचं. रस्त्यात अनोळखी माणूस मान हलवून हॅलो म्हणेल, तुम्हीही म्हणा. ५ किलोमीटरच्या त्या दिवसांत तेवढंच बोलणं अनेकांच्या वाट्याला यायचं.

शेजारी एखादी वृद्ध व्यक्ती एकटी राहत असेल, तर आपलं नाव आणि नंबर चिठ्ठीवर लिहून त्यांच्या दारातून आत टाका, दुकानातून काही हवं असल्यास सांगा म्हणून. मार्च २०२० मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना घरातच राहायला सांगितलं होतं, तेव्हा पोस्टमन दारात थांबून चौकशी करायचे, जीएए या गेलिक खेळांच्या संघटनेचे गावोगावचे खेळाडू सामान पोचवायचे. त्या वर्षी प्रत्येक काउंटी कौन्सिलची कम्युनिटी कॉल हेल्पलाइन होती. विलगीकरणात असलेल्याच्या घरात दूध-तांदूळ संपलं, तर तीच हेल्पलाइन त्याच्यासाठीसुद्धा होती.

२०२० मध्ये शनिवारी, १४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. भारतीय किराणा दुकानं उघडी होती, भाजणी आणि पोहे मिळत होते. दुसऱ्याच्या घरी फराळाला जाता येत नव्हतं, पण ५ किलोमीटरच्या आत, बाहेर मोकळ्यावर, दुसऱ्या एका घरच्या मंडळींना भेटता येत होतं. पार्कमध्ये डबे घेऊन भेटायचं, साडेचारलाच अंधारतं, म्हणून सकाळीच. एकट्याच राहणाऱ्यांना एका घराशी सपोर्ट बबल (तेवढ्या एका घरी ये-जा करायची मुभा) जोडता यायचा, मग त्यांच्या घरी जाऊन जेवता यायचं. ज्यांच्या घरी जागा होती त्यांनी त्या वर्षी एकट्या मुलामुलींना आपणहून विचारावं, असं मी सांगत होते. फटाके इथे बेकायदा आहेत, कोणी विकत असला तरी घेऊ नका. खोलीत पणती लावाल तर स्मोक अलार्मखाली नको. आणि रात्री फार एकटं वाटलं, झोप येईना, तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. त्यासाठी काही मोठं घडलेलं असावं लागत नाही.

राहता राहिला थंडीचा प्रश्न. तेव्हा कपडे अत्यावश्यक वस्तूंत धरलेले नव्हते, त्यामुळे सुपरमार्केटमध्येसुद्धा स्वेटर-मोज्यांच्या रांगांसमोर पट्ट्या लावल्या होत्या. पेनीज हे स्वस्त कपड्यांचं दुकान बंद होतं आणि ते तेव्हा ऑनलाइन विकत नव्हते. पुण्याहून आणलेलं जर्किन इथल्या पावसाला आणि वाऱ्याला पुरत नाही. आम्ही काही घरांनी मिळून धुतलेले, चांगले कोट आणि बूट जमवले होते. तुमच्या भागातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त उंची, बुटांचं माप आणि एअरकोड टाकायचा. जवळ असलं तर दारात आणून ठेवायचो, लांब असलं तर पोस्टाने पाठवायचो.