कडकनाथ म्हणून घेतलेली कोंबडी खरंच कडकनाथ आहे का? घरी असं बघा

गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून मागच्या वर्षी कडकनाथ म्हणून सहा पिल्लं आणली, तीन महिन्यांनी बघतो तर चौघांचे तुरे लालभडक. पिसं काळी आहेत म्हणून कडकनाथ समजू नका, काळी पिसं ऑस्ट्रेलॉर्प या ऑस्ट्रेलियन जातीचीपण असतात आणि आपल्या गावठीतपण काळ्या कोंबड्या भरपूर असतात.

कोंबडी हातात धरा, छातीवर फुंकर मारून पिसं बाजूला करा आणि खालची कातडी बघा, ती काळी पाहिजे. ऑस्ट्रेलॉर्पची पांढरी निघते. मग चोच उघडून जीभ आणि टाळू, आणि पायाची नखं, सगळं काळपट दिसलं पाहिजे, तुऱ्यावर थोडी जांभळट झाक चालते. अर्थात क्रॉसमध्येपण (दुसऱ्या जातीशी संकर झालेल्या पिल्लांत) हा काळेपणा बऱ्यापैकी उतरतो, त्यामुळे एका खुणेवर ठरवूच नका.

पिल्लं घेताना पोट बघा, ऑस्ट्रेलॉर्पच्या पिल्लाचं पोट पांढरट-पिवळसर असतं. पायाची बोटं पण मोजा, कडकनाथला चार, पाच असली आणि पिसं कापसासारखी मऊ असली तर ती सिल्की नावाची वेगळी जात, तिचीपण कातडी काळीच असते म्हणून लोक फसतात.

आणि हो, कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं, काळं अंडं दाखवून कोणी जादा पैसे मागितले तर सरळ पुढे चला.