इंग्रजीत दुष्टपणा आणि बदनामीचे शब्द कसे वापरावेत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमातल्या मुलांना स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी शिकवताना हा धडा आला की मी आधी त्यांच्या हातातली समानार्थी शब्दांची यादी बाजूला ठेवायला लावते. 'वाईट म्हणजे विकिड, ईव्हिल, व्हाइल, नोटोरियस, हेनस' अशी एका दमात पाठ केलेली रांग पेपरात रिकामी जागा भरताना दगा देते. हे शब्द एकाच अर्थाचे नाहीतच. यादी पाठ करा असं सांगणाऱ्यांनी ती कधी वाक्यात वापरून पाहिलेली नसते.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'कृत्य आणि स्वभाव', उजवीकडे 'लोकांतलं नाव'. नवा शब्द भेटला की एकच प्रश्न विचारा: माणूस काय करतो, कसा आहे हे हा शब्द सांगतो, की लोक त्याला काय म्हणून ओळखतात हे?

डावी बाजू सोपी आहे, फक्त प्रत्येक शब्द त्याच्या जोडीदारासकट लिहा. विकिड माणसाला चालतं, कृत्यालाही. त्याला गोष्टीतल्या सावत्र आईचा वास आहे. ईव्हिल त्याहून जड. निफेअरियस बहुधा छुप्या कारवाया, कटकारस्थानं यांच्यासोबत येतं. डिप्रेव्ह्ड म्हणजे मनानं, चारित्र्यानं सडलेला. हेनस मुख्यतः गुन्ह्याला लागतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर 'हेनस ऑफेन्स' ही वेगळी वर्गवारीच आहे: ज्यांना किमान सात वर्षं कैद आहे असे गुन्हे. आपल्या 'हीन'शी या शब्दाचा काही संबंध नाही. तो जुन्या फ्रेंचमधल्या द्वेषवाचक शब्दावरून आला, आणि उच्चार 'हीनियस' नव्हे, 'हेनस'.

आता उजवी बाजू. इथंच मुलं अडतात, मीही इथंच सर्वांत जास्त काळ अडले होते. नोटोरियस आणि इन्फमस, दोन्हींसाठी मराठीत 'कुख्यात'. कन्नडमध्ये बघायला जावं तर तिथंही 'कुख्यात'च. म्हणजे सीमाभागातल्या मुलाच्या घरात दोन भाषा असूनही इथं एकीचीही मदत होत नाही. फरक इंग्रजीतूनच समजून घ्यावा लागतो.

नोटोरियसचं लॅटिन मूळ 'ठाऊक असलेला' असं आहे. लोकांना ठाऊक असणं हा या शब्दाचा कणा, दुष्टपणा नव्हे. कुणाला पत्ताही नाही असा चोर कितीही नीच असला तरी नोटोरियस होत नाही. उलट ज्याच्यात दुष्टपणा असूच शकत नाही ती वस्तू खुशाल नोटोरियस असते: 'द चोर्ला घाट रोड इज नोटोरियस फॉर इट्स पॉटहोल्स' हे वाक्य अगदी बरोबर आहे. रस्ता पापी नाही, त्याच्या खड्ड्यांची ख्याती वाईट आहे. हे 'फॉर' सोडू नका. कशासाठी बदनाम ते त्याच्यामागं येतं.

पण म्हणून नोटोरियस म्हणजे 'खूप प्रसिद्ध' असं धरू नका. 'बेळगाव इज नोटोरियस फॉर कुंदा' लिहिलंत तर कुंद्यात काहीतरी खोट आहे असा अर्थ होईल. कुंद्याला फेमस, १९२४ च्या गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या काँग्रेस अधिवेशनालाही फेमस. चांगल्या नावाला नोटोरियस कधीच लावायचं नाही.

इन्फमसमध्ये नुसती ओळख नसते, लोकांनी दिलेला निवाडा असतो. प्राचीन रोमच्या कायद्यात 'इन्फामिया' म्हणजे माणसाची पत काढून घेणं, त्याबरोबर त्याचे काही हक्कही जात. तो डाग या शब्दाला आजही आहे. म्हणून इतिहासातल्या लाजिरवाण्या घटनेला, कायद्याला, जागेला तो शोभतो: 'द इन्फमस रौलट ॲक्ट ऑफ १९१९'. पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपाननं केलेल्या हल्ल्यानंतर, ८ डिसेंबर १९४१ ला, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदल्या दिवसाबद्दल 'इन्फमी' हाच शब्द वापरला होता. खड्ड्यांच्या रस्त्याला इन्फमस म्हटलं तर चूक ठरणार नाही, पण शब्द नको तितका जड होतो. सुरुवातीचा 'इन' पाहून 'अप्रसिद्ध' असा अर्थ लावणं ही सर्वांत धोक्याची वाट. आणि 'इनफेमस' म्हणू नका. जोर पहिल्या अक्षरावर, 'फेमस' ऐकूच येत नाही: इन्फमस.

बाकीचे पटकन उरका. डिसरेप्युटेबल: ज्याची पत नाही असा माणूस किंवा ठिकाण. इग्नॉमिनी: चारचौघांतली नामुष्की. मॉरल टर्पिट्यूड हा शब्द नोकरीच्या अर्जांत येतो, अर्थ नैतिक अधःपतन. तो रकाना न समजता भरू नका.

शेवटचा टप्पा परीक्षेबाहेरचा, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे कन्नड लिहिता येत नाही म्हणून पुष्कळजण तक्रार अर्ज इंग्रजीत लिहून कचेरीत देतात आणि त्यात शेजाऱ्याला 'नोटोरियस पर्सन' म्हणून मोकळे होतात. तसं करू नका. उजव्या बाजूचे शब्द दुसऱ्याच्या नावावर घाव घालतात आणि अब्रुनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. शिवाय अशा शब्दानं काहीच सिद्ध होत नाही. अर्जात डाव्या बाजूचेही भारी शब्द नकोत. काय झालं ते तारीख आणि जागेसकट लिहा: अमुक दिवशी यांनी माझ्या शेताचा बांध फोडला, सर्व्हे नंबर अमुक, पाहणारे अमुक.