लॅव्हनमचा गिल्डहॉल पाहण्यापूर्वीची तयारी

इंग्लंडमधील सफक काउंटीतल्या लॅव्हनम या बाजारगावात, चौकाच्या कोपऱ्यावर, कॉर्पस क्रिस्टी गिल्डचा सभागृहवाडा, म्हणजेच गिल्डहॉल, उभा आहे. दर्शनी बाजूचा फोटो काढून निघायचे असेल तर दहा मिनिटेही पुरतात. पण ही लाकडी इमारत सुमारे पाचशे वर्षे कशाच्या आधारावर उभी आहे हे समजून घ्यायचे असेल, तर काही गोष्टी घरूनच पक्क्या करून निघावे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी आणि इंग्लंडमध्ये राहणाऱ्या जिज्ञासू मराठी मंडळींसाठी ही यादी आहे.

सर्वप्रथम गिल्ड म्हणजे काय, याची उजळणी करावी. कॉर्पस क्रिस्टी गिल्ड हा विणकरांचा किंवा व्यापाऱ्यांचा धंदेवाईक संघ नव्हता. ती धार्मिक बंधुसभा होती. मात्र तिचे सभासद गावातले धनाढ्य कापडव्यापारी होते, आणि इमारतीवरचा खर्च त्यांच्याच ऐपतीला साजेसा झाला. लॅव्हनमला बाजार भरवण्याची सनद 1257 मध्ये मिळाली होती. येथील निळे लोकरी कापड दूरवर विकले जाई, आणि 1524 च्या करआकारणीत हे लहानसे गाव इंग्लंडमधील श्रीमंत गावांच्या क्रमवारीत चौदावे होते. गिल्डहॉल 1530 च्या सुमारास बांधला गेला. 1547 च्या कायद्याने अशा बंधुसभा बरखास्त झाल्या, म्हणजे ज्या कामासाठी वास्तू उभारली ते काम तिला जेमतेम दोन दशकेही लाभले नाही. पुढे तिचा तुरुंग झाला, गरिबांसाठीचे श्रमगृह झाले, लोकरीचे कोठार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथले खासदार सर कथबर्ट क्विल्टर यांनी ती विकत घेऊन दुरुस्तीस लावली आणि 1951 पासून ती नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. हा क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण समोर दिसणारे प्रत्येक लाकूड 1530 चे आहे असे गृहीत धरले की निरीक्षण तिथेच चुकते.

गावातल्या लाकडी इमारती टिकण्यामागचे कारणही मनात पक्के असावे. कोलचेस्टर येथे आलेले डच निर्वासित हलके आणि स्वस्त कापड विणू लागले, तसा लॅव्हनमचा धंदा खालावला. गावाकडे जुनी घरे पाडून विटांची नवी बांधण्याइतका पैसा उरला नाही, आणि म्हणूनच लाकडी इमारतींचा एवढा मोठा समूह शाबूत राहिला. माझ्या मते गावातून फिरताना ही एक गोष्ट विसरता कामा नये.

तयारीचा मुख्य भाग सुतारकामाचा आहे, आणि त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. इथे भार भिंत पेलत नाही, ओक लाकडाची चौकट पेलते. त्यामुळे एखादा साधा छेद (इमारत उभी कापली तर आत दिसेल ते चित्र) आधी कागदावर काढून खांब, तुळया आणि कडीपाट यांचा परस्परसंबंध समजून घ्यावा. ओक ओला असतानाच घडवत, सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहत, सांध्यांवर रोमन अंकांसारख्या खुणा कोरत आणि मग जागेवर उभा करत. एका लाकडाच्या टोकाची जीभ दुसऱ्याच्या खोबणीत बसवून त्यातून ओकचीच खुंटी ठोकलेली असते. लाकूड वाळताना आकसते, वाकते, चिरते. म्हणून तिरक्या रेषा आणि लांब भेगा दिसल्या की लगेच मोडतोड समजू नये. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला आहे. असा मजला दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर पुढे काढायचा, तर कड्यांची, म्हणजे मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडांची, दिशा बदलावी लागते. त्यासाठी एक तुळई तिरपी, कोपऱ्याकडे रोखून घालतात आणि तिचे टोक जाड कोपऱ्याच्या खांबावर टेकवतात. गिल्डहॉलचा हा खांब कोरीव आहे. बहुतेकांची नजर कोरीव कामावर थांबते. आपण मात्र वर पाहून तो भार कुठून घेतो ते शोधावे.

दर्शनी भिंतीतले उभे दांडे इतके जवळजवळ का आहेत, हा प्रश्नही सोबत न्यावा. मजबुतीसाठी एवढ्या लाकडाची गरज नव्हती. ओक महाग होता आणि तो उधळता येतो हे भर बाजारात दाखवायचे होते. दांड्यांमधल्या जागा भरण्याची जुनी रीत कोकणातल्या कुडासारखी आहे: काठ्यांची विण, त्यावर माती, पेंढा आणि शेण यांचा लिंपा, वरून चुन्याचा गिलावा. ज्यांनी आजोळी कूड पाहिला आहे, त्यांनी त्याची जाडी आणि लिंपण्याची पद्धत आठवून टिपून ठेवावी; तुलना करायला उपयोगी पडते.

सामान थोडेच लागते. लहान दुर्बीण, पेन्सिल, कोरी वही आणि छोटी विजेरी पुरे. विजेरीचा झोत लाकडावर समोरून न टाकता बाजूने, जवळजवळ समांतर टाकावा, म्हणजे सुताराच्या पुसट खुणा उठून दिसतात. खुंटीचे रिकामे भोक किंवा खोबण दिसली, तर तिथे पूर्वी एखादा दांडा वा खिडकीची चौकट असावी असे मानून त्याची जागा रेखाटनात नोंदवावी. स्टँड लावून छायाचित्रे घ्यायची असल्यास परवानगी आधी विचारावी, आणि लाकडाला हात लावू नये.

उघडण्याचे दिवस ऋतूनुसार बदलतात, तेव्हा नॅशनल ट्रस्टचे वेळापत्रक निघण्याच्या आठवड्यातच पाहावे. लॅव्हनमला आता रेल्वे नाही. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून मार्क्स टे येथे गाडी बदलून सडबरीला उतरावे आणि पुढचे सुमारे 11 किलोमीटर बसने जावे. परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच टिपून घ्यावी. त्या वेळेआधी तासभर हाती राहिला, तर तो सेंट पीटर आणि सेंट पॉल चर्चसाठी ठेवावा, कारण त्याचा सुमारे 43 मीटर उंच मनोराही कापडाच्याच पैशातून उभा राहिला आहे.