आपला प्रश्न विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कसा न्यावा

सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाकडे आपणही प्रश्न घेऊन जाऊ शकतो, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. मी विद्यापीठाच्या विस्तार विभागात काम करते. येणारा माणूस बहुधा तक्रार घेऊन येतो. "पाणी खराब आहे" एवढ्यावर कुणी संशोधन सुरू करू शकत नाही. कधीपासून खराब आहे, कुठे आहे आणि कुणाकडे नाही, ते लिहून आणा. तिसरी गोष्ट हमखास राहते, आणि संशोधकाला आधी तीच हवी असते.

रिकाम्या हाती तर मुळीच जाऊ नका. 1933च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी हिमवादळातून तिथल्या विद्यापीठात पोचला. सोबत मेलेली कालवड, कॅनभर न गोठलेलं रक्त आणि जनावरांनी खाल्लेलं क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाचं खराब झालेलं वाळलं गवत. तिथले जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांना त्या दिवशी 'हे गवत घालू नका' याहून फारसं काही सांगता आलं नाही. पण त्यांच्या प्रयोगशाळेनं पुढे अशाच गवतातून रक्त गोठू न देणारं द्रव्य वेगळं काढलं. त्याच वाटेनं वॉरफरिन आलं: 1948 मध्ये उंदरांचं विष म्हणून, 1954 पासून माणसांचं औषध म्हणून. त्या शेतकऱ्यानं गवतही आणलं होतं, याचं मला फार मोल वाटतं.

नमुना कसा घ्यायचा, हे आधी विचारून घ्या. 2015 मध्ये व्हर्जिनिया टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्याच फ्लिंट शहरातल्या रहिवाशांकडूनच नळाच्या पाण्याचे नमुने घेतले. पाणी काही तास नळात साचू द्यायचं, मग पहिली धार एका बाटलीत, थोडा वेळ नळ वाहू देऊन दुसरी, आणखी वाहू देऊन तिसरी. पाण्यात शिसं होतं, हे त्यातूनच पुढे आलं. सवडीनं भरलेल्या एका बाटलीवरून एवढं कळलं नसतं.

माणूस शोधताना कुलसचिवांच्या कार्यालयात खेटे घालू नका. ग्रंथालयात त्या विषयाच्या प्रबंधांची शीर्षकं चाळा, मार्गदर्शकाचं नाव टिपा आणि त्यांना एक पानी पत्र लिहा. विद्यार्थ्यांचे प्रकल्प ठरण्याआधी ते पोचलं, तर काम मार्गी लागण्याची शक्यता बरीच वाढते.

काम सुरू होण्याआधी पेटंटचं काय, हेही विचारा. यात संकोच कसला? विस्कॉन्सिनच्याच विद्यापीठात 1890 साली रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातली स्निग्धता मोजायची सोपी चाचणी काढली आणि पेटंट न घेता सर्वांना खुली केली. तोवर दूध वजनावर विकलं जाई, त्यामुळे पाणी घालणाऱ्याचं फावत असे. आता चांगल्या दुधाला त्याच्या प्रतीनुसार पैसे देता येऊ लागले. काही शोध मात्र कारखाना उभा राहिल्याशिवाय लोकांपर्यंत पोचत नाहीत. तिथे पेटंट असू द्या, पण स्थानिक उद्योगाला परवाना मिळेल का, ते लेखी घ्या.

निकाल आपल्या भाषेत मागा. काही सापडलं नाही, तर तेही लेखी मागा.