घर विकताना आलेली दुरुस्त्यांची यादी

न्यू जर्सीतलं एडिसनचं आमचं घर विकायला काढलं. इन्स्पेक्शन झालं आणि खरेदीदाराच्या वकिलाकडून १९ दुरुस्त्यांची यादी आली. आधी रागच आला. १८ वर्षं जिवापाड जपलेलं घर!

रात्री यादी हातात घेऊन घरभर फिरलो. ढिली कडी, गळका नळ, खिडकीची फाटकी जाळी... या बारीकसारीक गोष्टी. पण वॉटर हीटरपाशी थबकलो. त्याच्या सुरक्षा व्हॉल्व्हला खाली उतरणारा पाइपच नव्हता. व्हॉल्व्ह उडाला तर कढत पाणी थेट अंगावर. मुलगी लहानपणी तिथेच खेळायची. पोटात गोळा आला.

तळघरात रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा घातक किरणोत्सर्गी वायू, हवेच्या दर लिटरमागे ६.२ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) निघाला. अमेरिकेची पर्यावरण संस्था ४ किंवा त्याहून जास्त असेल तर उपाय करायला सांगते. राज्याचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाने फरशीला भोक पाडून पीव्हीसी पाइप छतावर नेला, पंखा बसवला. पुन्हा मोजलं तेव्हा १.१. हीटरचं काम परवानाधारक प्लंबरकडून करून घेतलं. दोन्ही पावत्या आणि नवा रिपोर्ट वकिलामार्फत पाठवला.

छप्पर बदलायला मात्र स्पष्ट नकार दिला. ते जुनं होतं, पण गळत नव्हतं आणि त्याचं वय आम्ही आधीच लिहून दिलं होतं. उरलेल्या किरकोळ कामांसाठी क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पूर्ण होताना, ८०० डॉलरचं क्रेडिट (हिशेबात तेवढी सूट) देऊ केलं. ती कामं मी केली असती, तर शेवटच्या पाहणीत दर्जावरून पुन्हा वाद निघाला असता. चौथ्या दिवशी त्यांचा होकार आला.