पॅकेट बीबीएस: तुम्ही टाइप करताय, पण ऐकतंय कोण?

अमेरिकेत हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या टेक्निशियन परवान्याच्या परीक्षेचे ३५ प्रश्न सुटले, कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची आपली ओळख, आला, टीएनसी, म्हणजे संगणक आणि रेडिओ यांच्यामधला मोडेम, रेडिओला जोडला, इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि मग कमांड्सपाशी अडकतात. मी कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीत राहतो, इथे आणीबाणीचे निरोप पाठवायला पॅकेट बीबीएस, म्हणजे रेडिओवरून टाइप केलेले निरोप घेऊन साठवून ठेवणारा संगणक, आजही वापरतात म्हणून मी शिकायला बसलो.

कमांड्स मोजक्याच. एल म्हणजे यादी, आर आणि नंबर दिला की तो मेसेज वाचायचा, के आणि नंबर म्हणजे काढून टाकायचा, एसपी एकाच माणसाला, एसबी सगळ्यांना, बी म्हणजे निघालो. एका संध्याकाळी पाठ होतात, घाबरू नका.

पण हे नीट वाचा. स्क्रीन एकच असते आणि तुमची अक्षरं तीन जागी जाऊ शकतात. समोर 'सीएमडी' दिसतंय तोवर टीएनसी ऐकतोय. कनेक्ट झालात की बीबीएस ऐकतो. आणि एसपी किंवा एसबी देऊन विषय टाकलात की पुढचं सगळं, अगदी सगळं, मेसेजचा मजकूर धरलं जातं, जोवर तुम्ही नव्या ओळीवर फक्त स्लॅश ई एक्स लिहून एंटर मारत नाही तोवर. 'आभार' लिहून त्याच ओळीत पुढे स्लॅश ई एक्स टाकलंत तर तोही मजकूरच.

मी नेमका तिथेच अडकलो. बुलेटिन लिहिलं, संपलं असं समजून बी दाबलं, काहीच नाही. परत बी. मग एल, मग मदतीसाठी एच. बीबीएस गप्प. अँटेनाचं कनेक्टर खराब झालं असणार म्हणून ते काढून घासत बसलो, तासभर गेला, आणि बीबीएस बिचारा माझं एकेक अक्षर मुकाट उतरवून घेत होता. शेवटी स्लॅश ई एक्स आठवलं, दिलं, आणि खाली बी बी एल एच लटकलेलं ते बुलेटिन सगळ्यांकडे गेलं. फार लाज वाटली. आता उत्तर आलं नाही की मी हार्डवेअरला हात लावायच्या आधी विचारतो, आत्ता ऐकतंय कोण?

निरोप आपोआप पाठवणारी सॉफ्टवेअर्स मिळतात, चांगली आहेत, पण माझं स्पष्ट मत, पहिला महिना हातानेच टाइप करा. आणि तुमचा कीबोर्ड ओढून घेऊन 'थांब, मी करतो' म्हणणारा गुरू नको. मला ज्यांनी खरं शिकवलं ते हात मागे बांधून उभे राहायचे, मी चुकलो तरी.

एसपी खासगी म्हणतात पण गुप्त अजिबात नाही, त्या फ्रिक्वेन्सीवर ऐकणारा कोणीही वाचू शकतो, आणि हॅम बँडवर मजकूर सांकेतिक करायला परवानगी नाही. घरचं काही लिहू नका.

१२०० बॉडचा, म्हणजे फार हळू चालणारा, चॅनल सगळ्यांचा असतो, म्हणून लांबलचक यादी मागवू नका, एलएल ५ म्हणा, शेवटचे पाचच येतील. निघताना बी द्या आणि डिस्कनेक्टेड दिसेपर्यंत थांबा. नुसता रेडिओ बंद केलात तर बीबीएसला कळत नाही तुम्ही गेलात ते, तो पाठवायचं राहिलेलं पॅकेट परत परत पाठवत राहतो आणि बाकीचे ताटकळतात.