जुना लष्करी ट्रक चार्ज होत नाही? अल्टरनेटर उतरवण्याआधी हे तपासा

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा काटा खाली बसला की पहिला पाना अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर, चालतो. तो थांबवा. वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रकात दोष बहुतेक वेळा केबलच्या टोकांशी सापडतो, आणि तो शोधायला लागतो फक्त एक मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजणारा मीटर.

ट्रक किती व्होल्टचा आहे ते आधी बघा. दुसऱ्या महायुद्धातला जीएमसीचा अडीच टनी ६ व्होल्टचा होता. नंतरच्या बहुतेक लष्करी ट्रकांत १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचे पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला) जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. पुढचे आकडे त्या २४ व्होल्टच्या गाड्यांचे. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. पाना टर्मिनल आणि चेसिस यांच्यात अडकला, तर तो क्षणात लाल होतो.

इंजिन बंद ठेवून, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटऱ्यांचे एकत्र व्होल्टेज मोजा. २५.२ किंवा त्याहून जास्त असेल तर बॅटऱ्या भरलेल्या आहेत. २४ च्या खाली असेल तर आधी बाहेरच्या चार्जरने भरून घ्या, नाहीतर पुढची सगळी मापे फसवतील.

आता प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. एक १२.७ आणि दुसरी ११.९ दाखवत असेल, तर कोणीतरी रेडिओ किंवा पंखा एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊन जोडलेला आहे का ते शोधा. तसे केले की एक बॅटरी सतत उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. बेरीज मात्र ठीक दिसते, म्हणून नुसत्या काट्यावरून हे कळत नाही. अशी उपकरणे २४ चे १२ करणाऱ्या कन्व्हर्टरवर घ्या. एक बॅटरी खराब झाली असेल, तरी जोडी एकदमच बदला.

बेल्ट अंगठ्याने दाबून बघा, ढिला किंवा चकाकत असेल तर तिथेच काम संपू शकते. मग इंजिन सुरू करून मध्यम रेस द्या. बॅटरीवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट यायला हवेत. २९.५ च्या वर गेले तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा त्याची अर्थिंग, म्हणजे चेसिसशी असलेली जोडणी, बिघडली आहे. सुरू इंजिनवर बॅटरीची केबल काढून ‘डायनॅमो बघण्याची’ जुनी युक्ती अजिबात करू नका. अल्टरनेटरचे डायोड, म्हणजे एसीचा डीसी करणारे भाग, त्यातच जळतात.

व्होल्टेज कमी असेल तर हेडलाइट लावा, रेस तशीच ठेवा आणि मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलवर, दुसरे बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वाटेत कुठेतरी गंज आहे. तसेच अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा, इथे ०.२ च्या आसपासच चालेल. दोष बहुधा याच दुसऱ्या मापात सापडतो: चेसिसवरचा बोल्ट वरून रंगवलेला, आत लाल गंज. इंजिन बंद करून आधी अर्थची केबल काढा, थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) आणि चेसिस पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा.

जोडण्या चोख असूनही चार्ज नाही, तर इंजिन बंद ठेवून स्विच ऑन करा आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. बहुतेक अल्टरनेटरांत ते ओढले गेल्याचे हाताला जाणवते. ओढ असेल तर फील्ड, म्हणजे आतल्या फिरत्या रोटरचे चुंबक बनणारे वाइंडिंग, जिवंत आहे, संशय डायोडवर. ओढ नसेल तर फील्डच्या वायरवर व्होल्टेज येते का बघा: येत नसेल तर रेग्युलेटर किंवा त्याची वायर, येत असूनही ओढ नसेल तर झिजलेले कार्बन (रोटरला वीज पोचवणारे ब्रश) किंवा तुटलेले रोटरचे वाइंडिंग. आता खुशाल अल्टरनेटर उतरवा.